बॅच भरण्यापुरतं नाव

आमच्या कॉलेजात ‘घरचं नाव’ म्हणून एक प्रकार चालतो. छोट्या अभ्यासक्रमाला वीस माणसं भरली नाहीत तर वरून मंजुरी येत नाही, आणि आलेल्या सतरा-अठरा जणांना परत पाठवावं लागतं. म्हणून उरलेल्या जागांवर आपापल्या घरातली माणसं दाखवायची. ज्याच्या घरचं नाव, त्यानंच फी भरायची. त्यामुळे यात कुणाला काही चूक वाटत नाही, उलट परोपकार केल्यासारखं वाटतं. आमच्या हिशेबनिसांच्या सासूबाई मोबाईल दुरुस्ती शिकलेल्या आहेत. फोन आला की त्या अजून शेजारच्या मुलाला हाक मारतात.

माझ्या घरचं नाव म्हणजे माझी बायको.

मी या अभ्यासक्रमांचा समन्वयक आहे. दापोड्याच्या गोदामांत लागायचं म्हणून माल-व्यवस्थापनाला आणि फोर्कलिफ्टला पोरं रांग लावतात, नोकरी करणारे संध्याकाळी जीएसटी शिकायला येतात. ते वर्ग आपोआप भरतात. बायकांचे भरत नाहीत. नवऱ्याची शिफ्ट बदलली की बाई गळते, गावाकडे लग्न निघालं की दोघी-तिघी गळतात. मग मी घरी येऊन जेवताना सांगायचो, “तुझं नाव टाकलंय हं केकच्या कोर्सला.” ती म्हणायची, “बरं.” एकदा अग्निसुरक्षेला टाकलं तेव्हा हसली होती. “म्हणजे गॅस पेटवायचा मीच आणि विझवायचाही मीच.”

तिला वर्गात बसायला आवडलं असतं, हे मला माहीत होतं. मे महिन्यात मुलांचं उन्हाळी शिबिर असायचं तेव्हा ती घरून कोकम सरबत करून आणायची. जिन्याखाली स्टूल टाकून बसायची. मुलं मातीकाम सोडून यायची, लाल ओठ करून पळायची. सरबत संपलं, पातेलं विसळून झालं तरी ती उठत नसे. त्या स्टुलावरून समोरच्या वर्गाचं अर्धं दार दिसतं. आत कुणी शिवण शिकवत असेल, कुणी इंग्रजी, ती तिकडे बघत बसायची. मी जिन्यावरून येता-जाता बघायचो आणि म्हणायचो, “अगं, अजून इथंच?” हे मी गमतीनं म्हणत असे, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं.

मग आई पडली. न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, वय असं की डॉक्टरांनी ऑपरेशनला हात लावला नाही. ती खाटेवर आली ती आलीच. तिचं सगळं माझी बायको करायची. मी सकाळी आईच्या कपाळाला हात लावून निघायचो आणि संध्याकाळी येऊन पुन्हा लावायचो. मी आईचं करतो असं मला त्यातच वाटत असे.

त्याच वर्षी घरगुती रुग्णसेवेचा वर्ग निघाला. शिकवायला एका दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका मिळाल्या, सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. नावं कमी पडली. मी जेवताना सांगितलं, “तुझं नाव टाकलंय रुग्णसेवेला.”

तिनं भाकरी मोडता मोडता विचारलं, “कधीपासून आहे?”

“सोमवारपासून. दुपारी तीनला.”

मी वर्गाची वेळ सांगितली होती. तिला वाटलं, तिची वेळ सांगितली. इतक्या वेळा नुसतं नाव गेलेलं तिला ठाऊक होतं, पण या खेपेला खरंच असेल असं तिला वाटलं. वाटणारच. घरात माणूस पडून होतं.

सोमवारी तीनला मी वर्गाच्या दारात उभा राहून हजेरी बघत होतो आणि ती जिना चढून आली. शेवाळी रंगाची, लग्नाकार्याला नेसायची साडी नेसली होती. हातात नवी वही, खांद्याला पर्स. आतल्या बायका बघायला लागल्या. काही यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या, गल्लीतल्या होत्या, काही डोंगराकडच्या पाड्यांवरून आलेल्या. सिस्टर म्हणाल्या, “या, बसा की पुढं.”

मी म्हणालो, “अगं, तू इथं काय करतेस? आईजवळ कोण आहे?”

“शेजारच्या काकू बसल्यात. तासाभराचंच असेल ना?”

“नाव फक्त बॅच भरायला असतं. माहितीय ना तुला.”

हे मी हळू बोललो नाही. सगळ्यांनी ऐकलं. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग पर्स उघडली, घराची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. “किल्ली द्यायला आले होते,” ती बायकांकडे बघून म्हणाली आणि जिना उतरून गेली. माझी किल्ली माझ्या खिशात होती.

तिला का बसू दिलं नाही, याची कारणं मी पुष्कळ शोधून ठेवली होती. आईजवळ घरचं माणूस हवं. कर्मचाऱ्याच्या बायकोनं बसणं बरं दिसत नाही. पण खरं सांगायचं तर मला लाज वाटली. साहेबाची बायको या बायकांच्या रांगेत बसून बेडपॅन द्यायला शिकणार, याची. घरी ती तेच करत होती, त्याची लाज मला कधी वाटली नव्हती. ते कुणाला दिसत नव्हतं.

माझी खोली त्या वर्गाला लागून आहे. मधली भिंत म्हणजे प्लायवूड. मागच्या गल्लीतले लूम चालू असले की काही ऐकू येत नाही, पण वीज गेली की सगळं बंद पडतं आणि पलीकडचा शब्द न् शब्द येतो. दुसऱ्या की तिसऱ्या तासाला अशीच वीज गेली. सिस्टर सांगत होत्या, “पडून असलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची. त्याला बरं वाटतंय, झोपलाय, राहू दे, असं म्हणायचं नाही. पाठ लाल दिसली तर ती चोळायची नाही. पावडर थापून झाकायची तर अजिबातच नाही.”

आमच्या घरी आईच्या पाठीला पावडरच थापली जात होती. सकाळी निघताना मला तो वास आला होता.

मी ते ऐकलं. मुद्दाम लिहितो, कारण पुढं कितीदा तरी मी स्वतःशी म्हटलंय की आपल्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं. घरी जाऊन एक वाक्य सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, तुम्हाला कुठून कळलं? मग ती साडी, ती वही, ती किल्ली, सगळं पुन्हा समोर आलं असतं. मी हातपाय धुऊन जेवायला बसलो. उद्या सांगू, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी फोर्कलिफ्टची परीक्षा होती.

आईच्या पाठीला जखमा पडल्या. नंतर डॉक्टर आले, औषधं आली, हवेची गादी आली. उशीर झाला होता. ती गेली ती म्हातारपणानं गेली, असंच सगळे म्हणाले, पण जाताना तिला पाठ टेकवत नव्हती.

मधल्या काळात तो अभ्यासक्रम संपला होता आणि प्रमाणपत्रं वाटली गेली होती. बायकोचंही निघालं. ते मी घरी आणून टीव्हीच्या मागं ठेवलं होतं. का आणलं, सांगता येत नाही. सवय.

आईच्या तेराव्याला माझी थोरली बहीण कल्याणहून आलेली होती. ताईनं जखमा पाहिल्या होत्या, आईला शेवटची आंघोळ तिनंच घातली होती. टीव्हीमागून तो कागद तिच्या हाताला कसा लागला ठाऊक नाही. पंगत बसली होती, नातेवाईक होते. ताई वाढता वाढता थांबली आणि माझ्या बायकोला म्हणाली, “रुग्णसेवेचा कोर्स केलायस तू. शिकून आलीस, आणि आईची पाठ अशी? न शिकलेल्या बाईनं केलं असतं तर बोलले नसते मी.”

शेजारच्या काकू सरळ मनानं म्हणाल्या, “हो, गेली होती ना क्लासला, मीच बसले होते तेव्हा.”

बायकोच्या हातात वरणाचं भांडं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्याला बोलायची वेळ आली की आपण बघतो ना त्याच्याकडे, तसं.

मी म्हणालो, “पाणी आणतो,” आणि उठून आत गेलो. पाण्याचे तांबे पंगतीत भरलेलेच होते.

त्यानंतर ताई आमच्या घरी जेवली नाही. बायकोनं मला एकदाही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी उत्तर तयार ठेवलं होतं, की कॉलेजचा प्रश्न आहे, ताईचं तोंड मोठं, चार ठिकाणी बोलली तर सगळ्यांच्या घरची नावं बाहेर येतील. पण विचारलंच नाही. पुढच्या वर्षी पडघ्याला तिच्या भावाकडे सून आली, त्या लग्नाला ती चार दिवस आधी गेली. लग्न झालं. ती म्हणाली, राहते थोडे दिवस. मी म्हणालो, राहा. भांडण झालं असतं तर भांडण मिटवता आलं असतं. आमच्यात काही झालंच नव्हतं. मुलगी नाशिकला असते, ती फोनवर दोघांची चौकशी वेगवेगळी करते, एवढंच.

मी एकटा राहायला लागलो. एकटं राहण्यात फार काही नसतं. कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजत नाही म्हणून भात लागतो. किल्ल्या दोन्ही माझ्याकडेच. आईची खाट मी काढली नाही, तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतो.

या मे महिन्यात उन्हाळी शिबिर चालू होतं. सरबत आता पाकिटातलं असतं, शिपाईमामा ते पिंपात ढवळतात. खालच्या मजल्यावर मुलं ढोल शिकत होती, वर रुग्णसेवेच्या नव्या बॅचची नावं घेणं चालू होतं. सिस्टर त्याच. एकोणीस बायका झाल्या आणि तिथंच अडकलं.

मामा म्हणाले, “साहेब, एकच कमी. वहिनींचं टाकतो नेहमीसारखं.”

“नको.”

“फी मी भरू का? तसं असेल तर सांगा.”

“तसं नाही मामा. तिचं नाव नको.”

मामा पेन हातात घेऊन उभे राहिले. “मग वर्ग नाय व्हायचा. बाकीच्यांच्या घरची नावं दुसऱ्या वर्गांना गेली,” ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. आयुष्यात एकदा खरं वागायला निघालो, तर त्याची किंमत दुसऱ्या एकोणीस जणी देणार होत्या.

त्यातली एक रोज येऊन विचारायची. दिघाशीकडच्या पाड्यावरची, तिशीची असेल. दापोड्याला एका गोदामात रोजावर पॅकिंग करायची. दारात चप्पल काढून उभी राहायची.

“सर, वर्ग व्हनार का न्हाय?”

“बघतोय मी.”

“चार दिस झालं बघताय. आमी रोज खाडा करून येताव.”

“एवढं काय आहे त्यात? गोदामात बरं नाही का?”

“तिथं दिवसभर उभं ऱ्हाऊन पाय सुजतान. आजाऱ्याजवल बसाया तरी मिलंल,” ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मग हसू थांबवून म्हणाली, “न्हाय तर न्हाय सांगा. मंग आमी येनार न्हाय.”

रविवारी मी पडघ्याला गेलो. बायकोच्या भावाचं घर हायवेपासून आत आहे, तरी ट्रकांचा आवाज पोचतोच. त्याच्या सुनेनं मला ट्रेमध्ये पाणी आणून दिलं, पेल्यावर झाकण ठेवून. पाहुण्याला देतात तसं. बायको ओसरीवर बसून वाल सोलत होती. तिनं केस रंगवणं सोडलं होतं.

“बरं आहे ना?” तिनं विचारलं.

“बरंय. तुझं?”

“बरंय.”

वालाची सालं परातीत पडत होती. मी म्हणालो, “रुग्णसेवेची बॅच आहे. एक जागा राहिलीय.”

तिचा हात थांबला. “म्हणून आलात?”

“नाव टाकायला नाही. विचारायला आलो. येशील का? खरंच बसायला.”

ती म्हणाली, “आता कुणाचं करायला शिकू?”

आत कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

“तुम्ही बसा की,” ती म्हणाली. टोमणा असेल, मला ओळखता आलं नाही. “तुम्हाला कोण दारातून परत पाठवणार आहे?”

तिनं पुन्हा वाल सोलायला घेतले. थोड्या वेळानं खालच्या आवाजात, भावाच्या घरातल्यांना ऐकू जाणार नाही असं, म्हणाली, “ताईंना सांगितलंत?”

“नाही.”

“तीन वर्षं झाली. सांगाल, सांगाल, म्हणून मी त्या घरात एक वर्ष काढलं. मला वर्गात बसू दिलं नाहीत त्याचं काही नाही हो. त्या दिवशी तुम्ही पाणी आणायला गेलात.”

एवढंच बोलली. चहा आला. तो पिऊन मी निघालो. ती दारापर्यंत आली, फाटकापर्यंत आली नाही.

सोमवारी मी विसावं नाव माझं लिहिलं. मामांनी चष्मा वर करून पाहिलं. “साहेब, लोक हसतील.” हसलेच. लूमच्या गल्लीतली एक बाई म्हणाली, “सरजी, आप भी हमारे साथ? घर में कौन बीमार है?” मी म्हटलं, कोई नहीं. ती म्हणाली, “तो फिर किस के लिए सीख रहे हो?” बायकोनं विचारलं होतं जवळजवळ तेच. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो.

बसायला लागलो तरी ताईला फोन होत नव्हता. रोज ठरवायचो. शेवटी एकदा मधल्या सुट्टीत, खाली ढोलांचा दणदणाट चालू असताना, जिन्याखाली त्या स्टुलावर बसून लावला. आवाजामुळे दोन-दोनदा बोलावं लागलं, तेच बरं झालं. पहिल्यांदा बोललेलं मलाच ऐकू आलं नव्हतं.

“ताई, तिनं तो कोर्स केलाच नव्हता.”

“कुणी? कसला कोर्स?”

“रुग्णसेवेचा. नुसतं नाव होतं. मी टाकलेलं. ती वर्गाला आली होती, मीच दारातून परत पाठवली. कूस बदलायची असते हे मला कळलं होतं. मी तिला सांगितलं नाही.”

ताई म्हणाली, “मी तिला पंगतीत बोलले तेव्हा तू तिथंच होतास.”

“हो.”

“पाणी आणायला गेलास.”

तिच्याही लक्षात होतं.

“आता सांगून काय, आई तर गेली,” ताई म्हणाली. आवाज चिरकला होता. “तुला लहानपणापासून असंच. काही झालं की तू आतल्या खोलीत. मी तिला काय काय बोलले रे, देवा.” तिनं फोन ठेवला. त्यानंतर तिनं माझा फोन घेतलेला नाही.

चार-पाच दिवसांनी बायकोचा मेसेज आला. “ताईंचा फोन आला होता. रडल्या.” खाली काही नव्हतं. मी ‘बरं झालं’ लिहिलं, मग पुसलं. ‘कधी येतेस’ लिहिलं, तेही पुसलं. तिचं नाव तिला परत मिळालं होतं, ते माझ्याकडून नाही, ताईच्या रडण्यातून मिळालं. त्याबद्दल मी काही मागायला जाणं बरं नव्हतं. शेवटी ‘हो’ एवढंच पाठवलं.

त्याच दुपारी वर्गात कूस बदलण्याचं प्रात्यक्षिक होतं. दरवेळी सिस्टर एखाद्या बाईला खाटेवर निजवतात. या खेपेला म्हणाल्या, “सर, तुम्हीच झोपा. पेशंट जरा वजनदार हवा.” सगळ्या हसल्या. मी चप्पल काढून खाटेवर आडवा झालो. वर पंखा होता, त्याच्या पात्यांवर धूळ होती. आईला वर्षभर हेच दिसलं असणार.

दिघाशीकडची ती बाई आधी आली. तिनं एक हात माझ्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. हात खरखरीत होते, पॅकिंगच्या दोऱ्यांनी कापलेले. माझं अंग आखडलं.

“सर, अंग सोडा. लाकडासारकं धरलाव.”

मागून कुणीतरी म्हणालं, “सरांना कधी कुणी हलवलंच न्हाय.” पुन्हा हशा. मी सोडायचा प्रयत्न केला. बऱ्याच दिवसांत कुणाचा हात लागला नव्हता, त्यामुळे सोडायचं म्हणजे नक्की काय करायचं तेच आठवेना. तिनं माझा गुडघा उभा केला, हळूच स्वतःकडे ओढलं आणि मी कुशीवर वळलो, सोपं होतं, इतकं सोपं होतं. तिनं पाठीमागं उशी लावली, शर्टाची सुरकुती ओढून सरळ केली.

“आता काय करायचं असतं?” सिस्टरनी विचारलं.

“पेशंटला इचारायचं, बरं वाटतं का.”

“मग विचार.”

ती वाकली. “सर, बरं वाटतं का आता?”

मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. ती प्लायवूडची भिंत, पलीकडे माझी खुर्ची. मागच्या गल्लीत लूम चालू होते. मी काहीतरी बोललो असेन, त्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

“झोपलं वाटतं सर,” ती म्हणाली.

“राहू दे, असं म्हणायचं नाही,” सिस्टर म्हणाल्या. “चला, पुढची कोण? यांना परत सरळ करा.”